गोड्या पाण्याचे पांढरे ठिपके

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एकच पत्र आले आणि त्याचे उत्तर मी दिले नाही.

ते मला आले होते असे म्हणणेही खरे तर धाडसाचे आहे. पाकिटावर नाव मालकांचे होते. पण आतला मजकूर माझ्याविषयी होता, शेवटची ओळ तर फक्त माझ्याविषयी होती, आणि मालकांनी ते वाचून माझ्याच लोखंडी खांबावर लोहचुंबकाखाली अडकवून ठेवले. सदतीस दिवस ते माझ्यासमोर फडफडत होते. कुणी विश्वासाने लिहिलेले पत्र असे लटकत ठेवणे ही किळसवाणी गोष्ट आहे. आणि किळसवाणे म्हणजे काय ते मला चांगले कळते, कारण मी जन्मभर तेच पाहत आलो आहे.

मी एक जुना ब्लोअर आहे. ब्लोअर म्हणजे गाडी वाळवणारा मोठा पंखा. गाडीला कुणी हात न लावता यंत्रच ती धुते, अशा एका धुलाई केंद्राच्या बाहेर पडायच्या दारावर, कमानीच्या मधोमध मी तोंड खाली करून टांगलेला आहे. डावीकडे आणि उजवीकडे माझे दोन धाकटे भाऊ आहेत. गाडी आत येते, जमिनीवरच्या रेघेशी थांबते आणि नळ्यांची एक चौकट तिच्याभोवती फिरू लागते. आधी साबण, मग जोराचे पाणी, मग अंगावरून पाणी निसटावे म्हणून एक पातळ औषध, आणि सगळ्यात शेवटी स्वच्छ पाणी. त्यानंतर गाडी हळूहळू माझ्याखालून जाते आणि मी फुंकतो. माझा आवाज एवढा मोठा की लहान मुले कानांवर हात ठेवतात. स्वभावाने मात्र मी भित्रा आहे. हे कुणाला खरे वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे पोट केले, तांब्याची तार गुंडाळून मोटार केली, पाती बसवली. तोल तपासणाऱ्या गृहस्थांनी मला फिरवून पाहिले आणि म्हणाले, "हा थरथरतोय." त्यांनी पात्याला नखाएवढे वजन चिकटवले, पुन्हा फिरवले, "आता झकास," म्हणून पाठीवर थाप मारली. पण लक्षात काय राहावे? 'हा थरथरतोय' एवढेच राहिले. 'झकास' मी विसरलो. आजवर कुठेही काही बिघडले की आपणच थरथरलो असू, असे मला आधी वाटते.

मला वाचनाची आवड लागली ती पहिल्या मालकीणबाईंमुळे. त्या पूर्वी औषधांच्या कारखान्यात बाटल्या उजेडासमोर धरून तपासत. यंत्रांबरोबर आलेले माहितीपुस्तक त्यांनी माझ्याशेजारी खिळ्याला टांगले. मी सुरू झालो की माझ्याच वाऱ्याने त्याची पाने उलटत. जे पान उघडे पडेल ते मी वाचायचो, आणि वाक्य पुरे व्हायच्या आत पान पुढे जायचे. त्यामुळे माझे सगळे ज्ञान अर्धवट आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. तरी एक वाक्य मी शेकडो वेळा वाचले, कारण त्या पानाला घडी पडली होती आणि पुस्तक तिथेच उघडे. "शेवटचे पाणी गोडे असावे. ते अंगावरून ओघळून जाईपर्यंत थांबावे. मगच हवा सोडावी."

बाई ते अक्षरशः पाळत. रोज सकाळी त्या शेवटच्या पाण्याच्या टाकीत पेनासारखी एक काडी बुडवत. काडीवर आकडा उमटे. आकडा थोडा जरी वाढला तरी त्या फिल्टर उघडून बसत आणि तोपर्यंत दारावर 'थांबा' अशी पाटी लावत. बाहेर गाड्यांची रांग लागो, लोक हॉर्न वाजवोत, त्या ढिम्म. "पाणी उडून जातं हो," त्या गिऱ्हाइकांना सांगत, "पण त्यातलं जे असतं ते मागं राहतं. ते मागं राहायला नको, एवढंच आपलं काम."

ते माझे चांगले दिवस. थेंब गाडीच्या टपावरून पडद्यासारखे सरकत जात, उरलेसुरले मी फुंकून टाकी, आणि गाडी उन्हात गेली की तिच्यावर काही म्हणजे काही नसे. एकदा एका मुलीने दाराच्या काळ्या पत्र्यात स्वतःचे तोंड पाहून जीभ काढली होती. ती जीभसुद्धा स्पष्ट दिसत होती. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शाबास रे." मी लाजून आणखी जोरात घोंघावलो.

तुम्हाला वाटेल, धुतलेल्या गाड्यांच्या संगतीत राहणाऱ्याला कसली घाण? अहो, स्वच्छता जिथे होते तिथेच घाण साठते. माझ्या पायाशी लोखंडी जाळीखाली एक खड्डा आहे. त्यात काय नाही? किड्यांचे पंख, कबुतरांची विष्ठा, चघळून चिकटवलेला च्युइंगम, कुत्र्याचे केस, पोराने खिडकीतून केलेली ओकारी, आणि या सगळ्यावर साबणाचा करडा फेस. आठवड्यातून एकदा झाकण उघडले की असा भपकारा येई की, नाक नसून मला नाक मुरडावेसे वाटे. तरीही ती घाण मी समजू शकतो. ती रस्त्यावरून येते आणि खड्ड्यात जाते. जी घाण स्वच्छतेचा आव आणते, तिची मला शिसारी आहे. ती पुढे आली.

बाईंचे गुडघे गेले. त्यांनी केंद्र विकले. नवे मालक आले, आणि त्यांच्यासोबत त्यांचा मेहुणा.

मालकांविषयी मला वाईट लिहायचे नाही. मी चुकत असेन, पण ते मनाने वाईट नव्हते. त्यांनी पंचवीस वर्षे टँकरने पाणी पोचवले होते आणि त्यांना आपल्या जिभेचा फार अभिमान होता. एक घोट घेऊन ते सांगत, हे पाणी कुठल्या विहिरीचे, टाकी कधी घासली, नळी रबराची की लोखंडाची. आणि ते बरोबर निघे. केंद्रामागे एक जुनी विहीर होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचे पाणी ओंजळीत घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "अमृत! गोडं म्हणजे किती गोडं!"

मग त्यांनी शेवटच्या पाण्याची टाकी उघडली. फिल्टरमधून आलेले ते पाणी. एक घोट घेतला आणि लगेच थुंकले.

"थू! बेचव. मेलेलं पाणी आहे हे."

"भावोजी, पण बाई तर ह्याचंच कौतुक करत होत्या," मेहुणा म्हणाला.

"बाईंना काय, त्या काडीत बघायच्या. काडीला जीभ आहे का? पुस्तकात काय लिहिलंय, वाच."

मेहुण्याने घडीचे पान वाचले. "शेवटचे पाणी गोडे असावे."

"मग? हे गोडं आहे? फिल्टर बिघडलाय. काढ ती नळी आणि विहिरीची जोड."

मित्रांनो, तो क्षण मला अजून आठवतो. मला काहीतरी खटकले. बाईंच्या वेळी तेच बेचव पाणी होते आणि ठिपका पडत नव्हता. पण वाक्य तर मीही तेच वाचले होते. गोडे म्हणजे गोडे! पंचवीस वर्षे पाण्यात काढलेला माणूस बरोबर, की अर्धी पाने वाचलेला पंखा? मी गप्प बसलो. बोलता आले असते तरी गप्प बसलो असतो, हे मला माझे पक्के माहीत आहे.

बाईंची काडी टेबलाच्या खणात गेली आणि तिचा सेल संपला.

त्यानंतर गाड्या माझ्याखालून जात आणि बाहेर उन्हात उभ्या राहिल्या की त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटत. आधी कडा, मग गोल, मग पांढरी कोरड. कोड फुटल्यासारखे नाही म्हणणार, तो आजार आहे आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो. हे तर तोंड धुवून आलेल्याच्या गालावर वाळलेल्या लाळेसारखे. मला ते बघवत नसे. मी जीव खाऊन फुंकत असे. मोठे थेंब उडत, बारीक उरत, आणि उरलेला प्रत्येक थेंब आपली सही करून जाई.

मेहुण्याला यावर उपाय सुचला. त्याने फडका आणला.

त्या फडक्याबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण मला तो आठवला तरी मळमळते. तो मुळात मेहुण्याचा बनियन होता. बाह्या फाडल्या, फडका झाला. त्या फडक्याने तो गाडीचे दार पुसायचा, मग चाक, मग पुन्हा काच. मध्येच घाम आला की कपाळ. चहा सांडला की टेबल. कधी धुतला म्हणाल, तर कधीच नाही. "आपल्या धुलाई केंद्रात असतो, वेगळा कशाला धुवायचा?" असे म्हणून तो स्वतःच हसायचा. फडक्याच्या विणीत वाळूचे कण बसले होते आणि कोपऱ्याला माशीचा एक पाय चिकटलेला होता. दारावर पाटी काय, तर 'गाडीला हातही न लावता धुलाई'. आणि सगळी धुलाई झाल्यावर तो घामट, वाळूभरला चिंधोटा गाडीच्या अंगावरून फिरायचा. शी! मी वरून बघायचो आणि माझ्या पात्यांना कापरे भरायचे.

दर सोमवारी सकाळी एक काळी गाडी येई. तिचे चालक वयस्क होते. एका वकीलसाहेबांकडे ते एकोणीस वर्षे कामाला होते. आम्ही सगळे त्यांना चालककाका म्हणायचो, म्हणजे ती माणसे म्हणायची आणि मी मनात. साहेबांना कोर्टात सोडले की ते गाडी धुवून आणत आणि दुपारी साहेब बाहेर येईपर्यंत कोर्टाच्या दारात उभी करत. काळा रंग म्हणजे कागदच. त्यावर पांढरे काही लपत नाही.

पहिल्यांदा त्यांनी नुसतेच बघितले. दुसऱ्या महिन्यात बोलले.

"मालक, जरा इकडे या. हे बघा."

"काय बघू?"

"हे ठिपके. रांगोळी काढल्यासारखी झालीय गाडी."

"काका, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," मेहुणा म्हणाला.

"मला दिसतात ही नंतरची गोष्ट. साहेबांना दिसतात. ते म्हणाले, गाडी धुतलीस कुठं? झाडाखाली झोप काढलीस आणि वरून बाटलीतलं पाणी शिंपडलंस. पावती दाखवली तर म्हणतात, पावती काय, कुणाचीही उचलून आणता येते."

मालक अवघडले. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पाणी आमचं एक नंबर आहे. तुम्ही पिऊन बघा. हा पंखा म्हातारा झालाय हो. वारा कमी पडतो त्याचा."

"मी पुसून देतो ना," म्हणत मेहुणा फडका घेऊन पुढे झाला.

"नको, नको! हात लावू नका!" काका धावले. पण फडका बॉनेटवर पडला होता आणि दोन वेढेही घेऊन झाला होता. ठिपके गेले. त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे उठले. काकांनी बोट फिरवून पाहिले. खिशातून त्यांनी स्वतःचा घडी केलेला मऊ रुमाल काढला, बॉनेटवर ठेवला, आणि काही उपयोग नाही हे कळून परत खिशात ठेवला.

पुढच्या सोमवारी काळी गाडी आली नाही. बुधवारी पत्र आले. मालकांनी ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचले, म्हणून मला ते पाठ आहे.

"स. न. वि. वि. मी काळ्या गाडीचा चालक. गाडीवरच्या ठिपक्यांमुळे आणि आता ओरखड्यांमुळे साहेब मला खोटा समजतात. एकोणीस वर्षांत त्यांनी मला खोटा म्हटले नव्हते. त्यांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तुम्ही तोंडी म्हणालात की तुमचा पंखा कमी पडतो. तेवढेच कागदावर लिहून द्यावे, म्हणजे मी गाडी धुवून आणत होतो हे सिद्ध होईल. दोन ओळी पुरेत. पत्ता खाली देत आहे. कळावे. ता. क. पंख्यावर माझा राग नाही. वय झाले की होते असे."

ता. क. ऐकून मी सुरू नसतानाही माझ्या पात्यातून एक झुळूक गेली असावी, कारण कागद हलला.

"द्या की लिहून, भावोजी. दोन ओळी तर आहेत," मेहुणा म्हणाला. त्याचे हे बोलणे मी त्याच्या खात्यावर चांगले म्हणून धरतो.

"वेडा आहेस? कागदावर दिलं म्हणजे कबूल केलं. उद्या वकील तोच कागद माझ्या नाकासमोर धरेल."

"मग तोंडी का म्हणालात?"

"तोंडी म्हणजे तोंडी!" मालक म्हणाले, आणि पत्र माझ्या खांबावर चुंबकाखाली सरकवले. "बघू."

मित्रांनो, 'बघू' हा शब्द फार वाईट आहे. त्यात 'नाही' म्हणण्याचीही हिंमत नसते.

पण त्यांना झोंबले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा वेग वाढवला. पाणी ओघळण्यासाठी गाडी थांबवायची ती थांबवेनासे झाले, आणि त्याऐवजी मला दुप्पट वेळ चालवू लागले. मेहुणा निसटवणारे औषधही बेहिशेबी ओतू लागला. त्यामुळे काचांवर तेलकट ओघळ येऊ लागले, म्हणजे ठिपके होते ते होतेच, वर चिकटाही. "फुंक, म्हाताऱ्या, फुंक!" तो खालून ओरडे. मी फुंके. माझी बेअरिंगे करकरू लागली, मोटार तापू लागली. मला आतून काहीतरी घशाशी आल्यासारखे वाटे. मी समजत होतो, हेच ते म्हातारपण. काका म्हणतात, मालक म्हणतात, मग असेलच.

महिनाअखेर आली आणि गेली. पत्र फडफडत राहिले. ते सुरुवातीला पांढरे होते, मग तुषारांनी त्याच्यावरही ठिपके पडले.

पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला भर दुपारी माझ्या पोटातून धूर निघाला. मालकांनी खटका ओढला. तासाभरात दुरुस्तीला एक बाई आल्या. कमरेला हत्यारांचा पट्टा, केस रुमालात बांधलेले. मेहुण्याने विचारले, "मिस्त्री कुठाय?"

"समोर उभी आहे. शिडी धर."

मेहुण्याने मुकाट्याने शिडी धरली.

"बदलूनच टाका," मालक खालून म्हणाले. "दोष त्याचाच आहे. सगळ्यांना सांगून सांगून थकलो."

मिस्त्रीबाईंनी माझे झाकण उघडले, आत विजेरी मारली. मग त्यांनी पेचकसाने माझ्या घशातून काहीतरी खरवडले. त्याचे पापुद्रे मालकांच्या डोक्यावर पडले. पांढरे, चुन्यासारखे, करकरीत. माझ्या पात्यांवर, जाळीवर, पोटाच्या आतल्या वळणावर, सगळीकडे तो थर बसला होता. इतके दिवस उडणारे तुषार मी आत ओढत होतो, आणि पाणी वाळून हे मागे राहत होते. जे मी गाड्यांवर बघून नाक मुरडत होतो, ते माझ्याच गळ्यात साठले होते. मला स्वतःचीच किळस आली. किळसेहून वाईट वाटले ते वेगळेच. दोष आपलाच असणार असे मी इतक्या नम्रपणे मानले, की खरा दोष काय आहे ते बघायची तसदीच घेतली नाही. पुरावा माझ्या घशात होता आणि मी तो आजार समजून गिळत होतो.

"पंखा धडधाकट आहे," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "बेअरिंग बदलते आणि हे खरवडते. पण शेवटचं पाणी कुठलं वापरता?"

"विहिरीचं. एकदम गोडं. पिऊन बघा."

"मला तहान नाही. तुमचा चष्मा द्या."

"चष्मा?"

"द्या तर."

मालकांनी चष्मा दिला. मिस्त्रीबाई खाली उतरल्या, त्यांनी डाव्या काचेवर विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवला. मग फिल्टरची बंद पडलेली तोटी उघडली, पहिले शिळे पाणी वाहून जाऊ दिले, आणि उजव्या काचेवर त्याचा थेंब ठेवला. चष्मा भिंतीवर उन्हात ठेवला आणि त्या माझ्या दुरुस्तीला लागल्या. मालक बिनचष्म्याचे, डोळे बारीक करून चष्म्याजवळ उभे. मेहुणा त्यांच्या शेजारी. जणू दूध उतू जायची वाट बघत होते.

दोन्ही थेंब वाळले.

"घाला," मिस्त्रीबाई वरूनच म्हणाल्या.

मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. उजवी काच लख्ख होती. डाव्या काचेच्या मधोमध पांढरे कडे होते. मालकांनी एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. पुन्हा तसेच केले.

"पण ते तर बेचव लागतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"लागणारच. त्यात काहीच नाही, तर चव कशाची येणार? तुमची विहीर गोड लागते ती त्यातल्या क्षारांमुळे. खारट लागत नाही म्हणजे क्षार नाहीत, असं नसतं. पिताना जिभेचं ऐकावं. गाडीच्या बाबतीत काचेचं ऐकावं."

"पुस्तकात 'गोडे' लिहिलंय!"

"लिहिणाऱ्यानं ते पिण्यासाठी म्हणून लिहिलं नसेल, मालक. क्षार काढलेलं, असं त्याला म्हणायचं होतं. शब्द चुकला त्याचा. काडी होती ना इथं मोजायची?"

मेहुणा धावत जाऊन खणातून काडी घेऊन आला. दुसऱ्या हातात त्याने फडकाही आणला होता, का ते देव जाणे. मिस्त्रीबाईंनी दोन बोटांच्या चिमटीत फडका धरला, लांब धरून कचऱ्याच्या डब्यात सोडला आणि हात धुतले. मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

त्या गेल्यावर मालक माझ्याखाली आले. मग त्यांनी चुंबक बाजूला करून पत्र काढले आणि माझ्या पायथ्याशी लाकडी खोक्यावर बसून लिहायला घेतले. त्यांना लिहायची सवय नव्हती. ते प्रत्येक शब्द आधी मोठ्याने म्हणत आणि मग उमटवत.

"क्षार. क्ष कसा काढायचा रे?"

"क ला पोट काढा आणि एक शेपूट द्या," मेहुणा म्हणाला.

"नीट सांग. चेष्टेची वेळ नाही ही."

मेहुण्याने मातीत बोटाने क्ष काढून दाखवला. मालकांनी तसा काढला. मग त्यांनी सगळे सलग वाचले.

"स. न. वि. वि. तुमचे पत्र येऊन सदतीस दिवस झाले. उत्तर दिले नाही, माफ करा. पंखा कमी पडतो म्हणालो ते खोटे. पंखा चांगला आहे. पाण्यात क्षार होते आणि ते पाणी मी बदलून घातले होते. ओरखडे आमच्या फडक्याचे. तुम्ही दर सोमवारी गाडी इथे धुतलीत, माझ्या डोळ्यांदेखत. मुदत उलटून गेली हे मला ठाऊक आहे. तरी हा कागद साहेबांना दाखवा. त्यांनी तुम्हाला काढले असेल तर मला बोलवा. मी तुमच्यासोबत येतो आणि चष्मा घेऊन येतो."

"वकील हा कागद नाकासमोर धरेल, भावोजी," मेहुणा म्हणाला.

"धरू दे. नाक माझंच आहे."

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगणार? मी फक्त वारा देतो. पण एवढे वाटते की, एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली तर तिला म्हातारी म्हणण्याआधी तिच्या घशात विजेरी मारून बघा. जे रोज वापरता ते रोज मोजा, जिभेवर आणि ऐकीव शब्दांवर सोडू नका. पाण्याला ओघळायला वेळ द्या, फडका धुवा. आणि कुणी दोन ओळी मागितल्या तर त्या त्याच दिवशी लिहा. ठिपका ओला असताना फुंकरीने जातो. वाळल्यावर तो निघताना रंग घेऊन निघतो. काकांचे काय झाले असेल ते मला माहीत नाही. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमच्या दारासमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे टपालपेटी. मालकांनी पाकीट चिकटवले, पत्ता दोनदा ताडून पाहिला. डाव्या काचेवरचे कडे त्यांनी पुसले नव्हते, त्यामुळे पत्ता वाचायला ते एक डोळा मिटत होते. मग ते रस्त्यापलीकडे गेले. मध्ये गाड्या येत-जात होत्या, मला ते तुकड्या-तुकड्याने दिसले. पाकीट पेटीच्या फटीत अर्धे गेलेले दिसले. मग एक मोठी गाडी आडवी आली. ती गेली तेव्हा मालकांचा हात रिकामा होता.